बावीस मिनिटं आणि लोणच्यावरचा लाल टॅग

थांबा, मला हे आत्ता सांगायचंय. आत्ता म्हणजे आत्ताच्या आत्ता. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, आई बिट्टन मार्केटला गेलीय, जाताना "चौथ्या शिट्टीला बंद कर, विसरशील" असं तीनदा बजावून गेलीय, आणि दहा मिनिटांपूर्वी माझ्या कामाच्या मेलवर एक फाइल आलीय. ही फाइल मला चार महिन्यांपूर्वी मिळायला हवी होती. मिळाली असती तर माझं एका मेथीवालीवर प्रेम आहे असा हिशोब निघाला नसता, आणि बाबांनी मला स्कूटरवर मागे बसवून कोलार रोडचे सगळे खड्डे दाखवले नसते.

नाही, असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगते.

मी घरी बसून टायपिंग करते. ऑनलाइन लेक्चरांचे व्हिडिओ असतात ना, त्यांच्याखाली जी अक्षरं पळतात, ती कुणीतरी बसून टाइप केलेली असतात. ते कुणीतरी म्हणजे मी. आणि अजून सात-आठ जण, ज्यांची तोंडं मी कधी पाहिलेली नाहीत. पद्धत अशी की एका लेक्चरचे तुकडे करतात आणि वाटून देतात, काम पटकन होतं. त्यामुळे माझं सगळं ज्ञान अर्धवट आहे. मला मुघल आले कसे ते पाठ आहे, गेले कसे ते माहिती नाही. मुतखडा कशाने होतो ते विचारा, फाडफाड सांगेन. उपाय दुसऱ्या कुणाकडे गेला.

चार महिन्यांपूर्वी माझ्याकडे 'प्रेम आणि मेंदू' आलं. एकूण चार भाग. मला पहिले तीन.

आणि त्याच आठवड्यात स्थळ आलं.

स्थळ भोपाळातल्याच अशोका गार्डनचं. मुलगा लिफ्टच्या कंपनीत. मतलब इंजिनिअर आहे, पण बिघाड झाला की स्वतः खाली खड्ड्यात उतरतो, तसला. घराणं मूळ नागपूरकडचं, आजोबा सरकारी ऑफिसबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. आमचे बाबा पुण्याहून सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि तेही इथलेच झाले.

"आपलीच माणसं आहेत," बाबा म्हणाले.

"आपलीच, पण 'करून राहिलो' म्हणणारी," आई म्हणाली. तिने तीस वर्षं हिंदीला उंबऱ्याच्या आत येऊ दिलेलं नाही. मी तिचा पराभव आहे.

दोन्ही घरं एकदा भेटली. त्याच्या आईने येताना स्वतः घातलेलं मिरचीचं लोणचं आणलं, भली मोठी बरणी. ही बरणी लक्षात ठेवा. निघताना त्या म्हणाल्या, "पंधरा दिवस घ्या. पोरं भेटतील, बोलतील. त्या रविवारी आम्ही पाच वाजता चहाला येऊ, तेव्हा हो का नाही ते तोंडावर सांगून द्या. फोनवर नको, फोनवर लोक गोलगोल बोलतात."

आता माझा प्रॉब्लेम बघा. मुलगा बरा वाटत होता. पण बरा तर आमचा सिलेंडरवाला पण वाटतो. पंधरा दिवसांत कळायचं कसं? मला उगीच 'हो' म्हणून नंतर रडायचं नव्हतं आणि उगीच 'नाही' म्हणून पण रडायचं नव्हतं. आणि इकडे कानात हेडफोन, त्यात सर सांगतायत की आकर्षण झालं की मेंदूत डोपामिन वाढतं, मग त्या माणसाची चटक लागते, पुन्हा दिसावा, पुन्हा बोलावा. हा भाग एक. भाग दोन, नॉरअ‍ॅड्रेनलिन. ठोके वाढतात, तळव्यांना घाम, भूक गायब. भाग तीन, मेंदूचा जो हिस्सा माणसं पारखतो तो जरा सुस्त पडतो, म्हणून समोरच्याचे दोष दिसत नाहीत. आणि तिसरा भाग संपला तो भर वाक्यात. सर म्हणाले, "पण इथे एक सावधगिरी बाळगा, कारण ठोके वाढले म्हणजे" आणि फाइल खतम.

मी म्हटलं, कारण ठोके वाढले म्हणजे प्रेम, अजून काय असणार! पुढचं मीच पूर्ण करून टाकलं. मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ होतंच. शास्त्र तयार, मशीन तयार, पंधरा दिवस हातात. बास.

पहिली भेट बिट्टन मार्केटजवळच्या एका कॉफीच्या दुकानात. मी टेबलाखाली मनगट फिरवून बघितलं, एकशे अठरा! मला आतून इतका आनंद झाला. तो म्हणाला, "तुम्हाला सांगू का, मला लहानपणी लिफ्टची फार" आणि थांबला. मतलब पूर्ण थांबला. तोंड अर्धवट उघडं, नजर माझ्यावर, हातातला चमचा हवेत. समोरच्या दुकानाचा जनरेटर सुरू झाला होता, खडखडखड. मला वाटलं ह्याला काहीतरी झटका आला. पाणी मारू की काय? मिनिटभराने जनरेटर बंद झाला आणि हा म्हणाला, "भीती वाटायची."

मी म्हटलं, "हे काय होतं?"

"काय काय होतं?"

"मधे थांबलात ते."

"अच्छा, ते." त्याला स्वतःला पत्ताच नव्हता. "आमच्या घरामागून रेल्वे जाते ना. गाडी आली की कुणी बोलत नाही, ऐकूच येत नाही तर बोलून करायचं काय? गाडी गेली की जिथं होतं तिथून सुरू. लहानपणापासून सवय पडून गेली. मालगाडी असली तर आई भाजीत मीठ घालून घेते तेवढ्यात."

दुसरी भेट त्याच्या बाइकवर, कोलार रोडला. ठोके एकशे चोवीस. वाढत होते! मी मनातल्या मनात आईची पैठणी नेसून पण पाहिली.

आणि मग तिसरी भेट. तिने सगळी माती केली.

त्या दिवशी दुपारी आम्ही भेटणार, तोच त्याला फोन आला, कोलार रोडच्या एका सोसायटीत लिफ्ट अडकलीय. "तू पण येतेस का? अर्ध्या तासाचं काम आहे," तो म्हणाला. तोवर आम्ही तू-वर आलो होतो. गेले. त्याने लिफ्टवर लाल पाटी लटकवली, खाली उतरला, काहीतरी ठोकलं, वर आला, हात पुसले. एक पार्ट यायचा होता, तो येईपर्यंत आम्ही पार्किंगच्या बाजूला बाकावर बसलो. कडुनिंबाची सावली, वर कुणाच्या तरी गॅलरीत कुकर, एक म्हातारे काका चकरा मारतायत. तो म्हणाला, "एक गोष्ट आधीच सांगून देतो, नंतर म्हणशील लपवली. मी झोपेत खूप"

आणि माझा डोळा लागला.

हो. भर वाक्यात. मी! मी, जी ट्रेनमध्ये कधी झोपलेली नाही. पुण्याला जाताना सगळा डबा घोरतो आणि मी बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळून सरळ बसलेली असते. मावशीकडे लग्नाला गेलो की पंधरा जणी गाद्यांवर आडव्या आणि मी छताकडे बघत. ती मी, दिवसाढवळ्या, पार्किंगमध्ये, तोंड उघडं टाकून, एका माणसाच्या शेजारी ज्याला मी तिसऱ्यांदा भेटत होते.

जाग आली तेव्हा तो तसाच बसला होता. माझी पर्स त्याच्या मांडीवर, एका हाताने पेपरची घडी हलवून माशा हाकलत होता. मी डोळे उघडले आणि हा म्हणाला, "घोरतो."

"काय?"

"मी झोपेत खूप घोरतो. ते सांगत होतो." मग जरा थांबून, "पण तू पण काही कमी नाहीस. ते काका दोनदा बघायला आले."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. घड्याळ बघितलं. त्यावर हसरा चंद्र होता आणि लिहिलेलं, 'झोप, बावीस मिनिटं. छान विश्रांती!' ठोके? एकसष्ट. एकसष्ट! एकशे अठरावरून एकशे चोवीस आणि तिथून थेट एकसष्ट. जी ट्रेनमध्ये झोपत नाही ती इथे झोपली, म्हणजे विचार करा मी किती कंटाळले असेन. डोपामिन झिरो. नॉरअ‍ॅड्रेनलिन सुट्टीवर.

घरी येऊन मी ही झोप कुणाला सांगितली नाही. पण चेहरा पडलेला होता, आणि आमच्या घरात पडलेल्या चेहऱ्याची लगेच तपासणी होते, कारण बाबा.

बाबांबद्दल सांगायलाच हवं. बत्तीस वर्षं ते कारखान्यात क्वालिटीमध्ये होते. बनून आलेली वस्तू तपासायची आणि तिला टॅग बांधायचा. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे थांबा, पुन्हा तपासू, लाल म्हणजे रद्द. रिटायर झाल्यावर पंधरा दिवस गप्प बसले, सोळाव्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानातून तीन रंगांची कार्डं आणि दोऱ्याचं रीळ घेऊन आले. तेव्हापासून घरातल्या सगळ्याला टॅग आहेत. कालच्या आमटीला पिवळा. गीझरला हिरवा. डगमगत्या खुर्चीला लाल. टॅगवर तीन रकाने, वस्तू, दोष, निर्णय. आई एकदा म्हणाली, "मला पण बांधा एक." बाबा खरंच विचारात पडले. रंगावरून.

तर बाबांनी मला समोर बसवलं. मी झोपेचं सोडून बाकी सांगितलं. ठोके, एकशे अठरा, एकशे चोवीस, मेंदू.

बाबांनी चष्मा वर केला. "कंट्रोल कुठाय?"

"कसला कंट्रोल?"

"अगं, त्या मुलाबरोबर एकशे चोवीस आले. दुसऱ्या कुणाबरोबर किती येतात? तुलनेला काही नको? असं एकच रीडिंग घेऊन गेलो असतो तर साहेबांनी मला हाकललं असतं." आणि उठले, स्कूटरची किल्ली घेतली. "चल."

तोच रस्ता, तीच वेळ, तोच वेग. बाबांनी एकही खड्डा चुकवला नाही, मुद्दाम, "सारख्या परिस्थितीत घ्यायचं असतं." पाइपलाइनसाठी खणून ठेवलेल्या जागेवरून स्कूटर उडाली तेव्हा मी "बाबाऽ" करून ओरडले. ठोके एकशे एकतीस.

बाबांनी वहीत लिहिलं. क्षणभर जरा खूश पण दिसले. "म्हणजे माझ्यावर जास्त."

मग मेथीवाली. बिट्टन मार्केटच्या बाजारात एक बाई बसतात, वर कोवळी जुडी ठेवतात आणि खाली कालची. मी जुडी उलटी केली, त्या म्हणाल्या, "ए बेटा, उलट-पलट मत कर, लेना है तो ले." मी म्हटलं, "पिवळी पडलीय ही." त्या म्हणाल्या, "तू भी पीली पड़ जाएगी धूप में बैठ के." आमचं जे जुंपलं! बाबा माझं मनगट धरून शेजारी उभे, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे. एकशे अडतीस.

रात्री जेवताना बाबांनी वही वाचून दाखवली. मुलगा, एकशे चोवीस. वडील, एकशे एकतीस. मेथीवाली, एकशे अडतीस.

"मग ठरलं तर," आई वरण वाढत म्हणाली. "बाजारात जाऊन पत्रिका मागून घेऊ."

"निष्कर्ष," बाबा म्हणाले, "या पद्धतीने काहीही कळत नाही."

"ती मुलगी आहे हो, बॉयलर नाही. तिला विचारा ना तोंडाने." आई माझ्याकडे वळली. "काय गं? काय वाटतं तुला?"

मी काय सांगणार? धडधडीवरचा माझा विश्वास उडाला होता. हातात फक्त एकच गोष्ट उरली होती जी मेथीवालीबरोबर झाली नव्हती, बाबांबरोबर झाली नव्हती, आणि ती म्हणजे ती शरमेची झोप. त्यावरून मी शनिवारी ठरवलं, नाही म्हणायचं. कंटाळा हा कंटाळा असतो. न्हाणीघरात आरशासमोर उभं राहून पाठ पण केलं, 'काकू, तुमचा मुलगा फार चांगला आहे, पण.' पणच्या पुढे काय ते सुचत नव्हतं. म्हटलं, तिथे सुचेल.

रविवार. पाच वाजले. ते तिघे आले, तो, त्याची आई, त्याचे बाबा. त्याचा शर्ट नवा होता, कॉलरच्या आत पिन राहून गेली होती, आणि ती त्याला टोचत होती हे मला सारखं दिसत होतं. चहा झाला. हवापाण्याचं झालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं.

"काकू, तुमचा मुलगा फार चांगला आहे, पण"

"थांब गं, आधी चमचा आणते, साखर खालीच राहिलीय," काकू म्हणाल्या आणि घरच्यासारख्या उठून सरळ स्वयंपाकघरात गेल्या. आई "अहो, मी देते ना" म्हणेपर्यंत उशीर झाला होता.

मग त्या बाहेर आल्या. हातात चमचा नव्हता, त्यांचीच लोणच्याची बरणी होती. तिच्या गळ्यात लाल टॅग. त्यांनी तो टॅग लांब धरून मोठ्याने वाचला.

"वस्तू, मिरचीचं लोणचं, अशोका गार्डन. दोष, मीठ फार. निर्णय, रद्द."

देवाशप्पथ, मला हे माहिती नव्हतं. ते अक्षर आईचं होतं. बाबांना ब्लडप्रेशर आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, आणि बाबा कुणाचं ऐकत नाहीत. फक्त लाल टॅगचं ऐकतात. बत्तीस वर्षांची सवय, लाल टॅग बांधलेल्या वस्तूला त्यांचा हात उठतच नाही. म्हणून आईने त्यांचंच शस्त्र त्यांच्यावर चालवलं होतं. घरातल्या पापडांना, फरसाणाला, सगळ्या लोणच्यांना तिने गुपचूप लाल टॅग बांधले होते. पण काकूंना फक्त स्वतःची बरणी दिसली ना!

"असं लिहून ठेवता होय?" काकूंनी बरणी छातीशी धरली. "पोरीचं उत्तर ऐकायला बोलावलं आणि निर्णय आत लटकवून ठेवला?"

"अहो नाही, ते ह्यांच्यासाठी आहे," आई म्हणाली.

"माझ्यासाठी?" बाबा म्हणाले. त्यांना पण आत्ताच कळत होतं. "म्हणजे फरसाण रद्द नाहीये?"

"चला हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. काका उठायला लागले. आणि तो उठला, आईचा हात धरला आणि म्हणाला, "आई, ऐक ना, असले लाल टॅग तर"

आणि खाली पाण्याचा टँकर लागला.

आमच्याकडे कोलार रोडला टँकरनेच पाणी येतं, आणि त्याचा पंप बरोबर आमच्या खिडकीखाली लागतो. घरातली भांडी थरथरतात. आणि ते तिघे थांबले. तिघेही. काका अर्धे उठलेले, एक हात सोफ्यावर. काकूंच्या हातात बरणी, डोळ्यांत पाणी, तोंडात पुढचा शब्द. आणि तो, 'तर'वर, तोंड अर्धवट उघडं. लग्न मोडतंय, अपमान झालाय, पण गाडी जातेय, तर गाडी जाऊ दे.

आई-बाबा घाबरून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघतायत. मला तर माहिती होतं. मला त्या आवाजात करायला काहीच नव्हतं, म्हणून मी त्याच्याकडे बघत राहिले. आणि मला तो बाक आठवला. यार, हा बावीस मिनिटं असाच बसला होता. 'घोरतो' हा एक शब्द तोंडात धरून. माझी पर्स मांडीवर. हलवलं नाही, उठवलं नाही, फोन काढून बघत बसला नाही. आणि मी झोपले होते! ट्रेनमध्ये न झोपणारी, बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळणारी मी. कंटाळा आला की मी झोपते कुठे? कंटाळा आला की मी टकटक जागी असते, अख्खं आयुष्य मी कंटाळून जागीच आहे! इतका साधा कंट्रोल, आणि तो मी घेतलाच नव्हता.

खाली टँकरचा पाइप निसटला, ड्रायव्हरने शिवी हासडली आणि पंप बंद झाला. तो वाक्य सुरू करणार, त्याच्याआधी मीच ओरडले, "मला ह्याच्याशेजारी बसल्या बसल्या झोप लागली!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"पार्किंगमध्ये. बाकावर. बावीस मिनिटं. ठोके एकसष्ट!"

"घोरत पण होती," तो म्हणाला. मदत म्हणून.

"वा," काकू म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. "लोणच्यात मीठ फार, आणि पोराशी बोलताना झोप आली. ठेवलं तरी काय तुम्ही आमचं?"

पण आमच्या घरात वेगळंच चालू होतं. बाबांनी चष्मा काढला. "ही झोपली?"

"बसल्या बसल्या?" आई म्हणाली. "दिवसा?"

"रीडिंग वहीत का नाही लिहिलंस?" बाबा म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

आई उठली आणि काकूंच्या शेजारी जाऊन बसली. "अहो, तुम्हाला माहिती नाही. ही बाहेर झोपत नाही. सख्ख्या मावशीकडे झोपत नाही. बारा वर्षांची असताना हिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यात तीन रात्री टक्क जागी. नर्सच्या हातापाया पडले मी. माझ्या मांडीवर सोडून ही कुठे कधी झोपलेली मी पाहिली नाही." आणि मग, तिची शप्पथ, आई काय म्हणाली माहितीय? "तुमच्या पोराजवळ ही झोपून राहिली."

झोपून राहिली! आई! तीस वर्षांत पहिल्यांदा!

काकूंनी बरणीचं झाकण उघडलं, मिरचीचा एक तुकडा बोटाने घेतला, तोंडात टाकला. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होतो.

"जास्तच झालं बाई," त्या म्हणाल्या. "मालगाडी होती त्या दिवशी. दोनदा घातलं असेल."

बाबा म्हणाले, "मी पण एकदा तपासून" आणि आईने त्यांचा हात वरच्या वर धरला.

"मग?" काकूंनी मला विचारलं. "तू काहीतरी 'पण' म्हणत होतीस."

"पण काही नाही," मी म्हटलं. "हो आहे माझं."

त्याने मान खाली घातली आणि कॉलरमधली पिन शोधून काढली. मग आईचा हात पुन्हा धरून तिला म्हणाला, "आम्ही लिफ्टला पण लावतो."

"काय लावतो?"

"लाल टॅग. मघाशी सांगत होतो. नापास झाली म्हणून नाही लावत. आत आपला माणूस आहे, बटण दाबू नका, म्हणून लावतो."

बाबांनी हे वहीत लिहून घेतलं.

चार महिने झाले त्याला. बाबांचं फरसाण अजून लालच आहे. लग्न दिवाळीनंतर आहे. आणि आज, आत्ता, मेलवर तपासायला आलीय 'प्रेम आणि मेंदू'ची चौथी फाइल. ज्याच्याकडे होती त्याने चार महिने लावले, त्यात चुका इतक्या की दुसऱ्या कुणीतरी बघावी म्हणून माझ्याकडे पाठवली. मी हेडफोन लावला आणि सर म्हणाले, "प्रेमच असं नाही."

भर वाक्यातून! माझ्या फाइलच्या पुढून!

मग ते सांगतात की घाबरलं, भांडलं, उडालं की ठोके वाढतात, आणि मेंदूला दर वेळी खरं कारण कळत नाही, तो समोर जो उभा असेल त्याच्या नावाने पावती फाडून मोकळा होतो. मग मेथीवाली असो नाहीतर बाबा. सुरुवातीची ती धडधड कुणाचीच कायम टिकत नाही, टिकली तर माणूस जेवणार कधी? जी माणसं वर्षानुवर्षं एकत्र राहतात, त्यांच्यात दुसरी रसायनं जास्त कामाला लागतात. ऑक्सिटोसिन त्यातलं एक. स्पर्शाने, सोबतीने, रोजच्या भरवशाने वाढणारं. जवळ भरवशाचं माणूस असलं की मेंदूतला पहारेकरी जरा बसतो, धोक्याची घंटा खाली ठेवतो. शरीर सैल पडतं. मी हे ऐकत ऐकत चुका सुधारत होते आणि एका जागी माझा हातच थांबला. मी त्याला फोन लावला. म्हटलं, "ऐक, सर काय म्हणतायत, माझा पहारेकरी तुझ्याशेजारी" आणि तिकडून रेल्वे आली. तो थांबला, मी थांबले. आता मला पण सवय पडून गेलीय. मालगाडी होती, लांबलचक, म्हणून म्हटलं तेवढ्यात हे तुम्हाला लिहून टाकावं.

फोन अजून चालूच आहे. शेजारी ठेवलाय. आणि अरे देवा, ही सहावी शिट्टी होती का? सातवी? वरणाचं जे व्हायचं ते झालंय, आईला टँकरचा आवाज होता म्हणून सांगेन.

पण तुम्ही आधी हे सांगा, खरं खरं. ज्याच्यासमोर छाती धडधडायला हवी, हात थरथरायला हवेत, अशा कुणाच्या शेजारी तुम्ही कधी तोंड उघडं टाकून गाढ झोपून गेलाय का? आणि जाग आली तेव्हा तो माणूस तिथेच होता का?